एकच गेम, चार पत्ते: कोण कशासाठी खेळतं हे दुकानदाराला का कळायला हवं



नंदुरबार जिल्ह्यातल्या खापरसारख्या बाजाराच्या गावात संध्याकाळी सातनंतर एक चक्कर मारा. एखाद्या बंद दुकानाच्या ओट्यावर चार पोरं बसलेली दिसतील. माना खाली, कानात इअरफोन, आणि मध्येच एकजण ओरडतो, "अरे मागे बघ, मागे!" चौघं एकाच गेममध्ये, एकाच टीममध्ये. आपण काय म्हणतो? "पोरांना गेमचं वेड लागलंय." झालं, विषय संपला.

पण ज्याला धंदा करायचाय त्याने एवढ्यावर थांबून चालत नाही. तुमचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान असेल, रिचार्ज-झेरॉक्सचं असेल, चहा-नाश्त्याची गाडी असेल, तर हीच पोरं तुमचं गिऱ्हाईक आहेत. आणि मला छोट्या गावातल्या दुकानदारांकडून एक प्रश्न हमखास येतो: "सर, दुकानातर्फे बीजीएमआयची टूर्नामेंट ठेवू का? प्रत्येकी ५० रुपये एन्ट्री घेतो, जिंकणाऱ्या टीमला रोख बक्षीस देतो. गर्दी होईल ना?"

गर्दी होईल. पण ती टिकेल का, आणि तुम्ही अडचणीत तर येणार नाही ना, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरं एकाच गोष्टीत आहेत: माणूस खेळायला नेमका कशासाठी येतो? आज तेच समजून घेऊ.

काठीची होळी आणि मोबाईलचा गेम

आपल्याच अक्कलकुवा तालुक्यातली काठीची राजवाडी होळी डोळ्यांसमोर आणा. रात्रभर माणसांचा समुद्र. पण सगळे एकाच कारणाने आलेले असतात का? कुणी व्रत पाळून, अंगावर नक्षी रंगवून, कमरेला घुंगरं बांधून नाचायला आलेला असतो. कुणी फक्त बघायला, फोटो काढायला येतो. कुणाला गुजरातला कामाला गेलेला मित्र वर्षातून एकदा तिथेच भेटणार असतो. आणि कुणी भजी-जिलेबीचं दुकान मांडायला आलेला असतो. जागा एक, रात्र एक, कारणं मात्र वेगवेगळी.

ऑनलाइन गेमचंही अगदी तसंच आहे. बीजीएमआयच्या एका मॅचमध्ये १०० खेळाडू उतरतात. शंभर जण एकच गेम खेळताना दिसतात, पण प्रत्येकाला त्यातून हवं असलेलं वेगळं असतं.

बदाम, चौकट, किलवर, इस्पिक

ही गोष्ट सगळ्यात सोप्या पद्धतीने मांडली ती रिचर्ड बार्टल या इंग्रज माणसाने. १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा गेम लिहायला घेतला, आणि पुढे बार्टलने तो हातात घेऊन वाढवला. चित्र नाही, आवाज नाही, पडद्यावर नुसती अक्षरं. पण एकाच वेळी अनेक जण त्यात खेळू शकत होते. आज आपण जे मल्टिप्लेअर गेम बघतो, त्यांच्या आजोबांपैकी हा एक.

या गेमच्या जुन्याजाणत्या खेळाडूंमध्ये काही महिने एक वाद रंगला: लोकांना या खेळातून हवंय तरी काय? त्या चर्चेतून बार्टलने १९९६ साली एक लेख लिहिला आणि खेळाडूंचे चार प्रकार केले. प्रत्येकाला पत्त्यातला एक रंग दिला. आपल्याला पत्ते काही नवीन नाहीत, त्यामुळे हे पटकन लक्षात राहील.

१) चौकट: मिळवणारा. चौकटला इंग्रजीत हिऱ्याचं नाव आहे. या माणसाला कमाई दिसायला हवी. पॉइंट, लेव्हल, रँक. "मी गोल्डवरून प्लॅटिनमला गेलो" हे तो जेवतानाही सांगेल. बीजीएमआयमध्ये वर चढत चढत 'कॉन्करर' हा किताब असतो, जो सगळ्यात वरच्या ५०० जणांनाच मिळतो. चौकटवाला त्या पाटीसाठी रात्र जागवतो.

२) इस्पिक: शोधणारा. इस्पिकचं इंग्रजी नाव म्हणजे फावडं. हा खणत बसतो. नवीन मॅप आला की आधी सगळा फिरून बघणार. कुठल्या घराच्या छतावर कसं चढायचं, कुठल्या सेटिंगने जुना फोनही अडकत नाही, हे सगळं याला माहीत. मॅच हरला तरी वाईट वाटत नाही, काहीतरी नवीन कळलं की दिवस सार्थकी लागला.

३) बदाम: माणसं जोडणारा. याला गेम म्हणजे भेटायची जागा. बदामाचा पत्ता आपल्या भागात नीट समजून घ्यायला हवा. आपल्याकडची किती पोरं ऊसतोडीला, सुरतला, अंकलेश्वरच्या कारखान्यात कामाला जातात! गावातला चौघांचा कट्टा मोडतो. मग रात्री दहाला दोघं खापरला, एक सुरतला, एक अंकलेश्वरला, आणि टीम पुन्हा चौघांची. मॅच चालू असते, पण बोलणं वेगळंच चाललेलं असतं: "पगार झाला का?", "आजीची तब्येत कशीय?" आईला वाटतं पोरगा गोळीबार खेळतोय. खरं तर तो मित्राला भेटतोय.

हा पत्ता फक्त पोरांचा नाही. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा 'लुडो किंग' २०१६ साली आला आणि २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घराघरात पोचला. तेव्हा माहेरी-सासरी, भावाबहिणींमध्ये रूमचा कोड पाठवून डाव मांडले गेले. त्या वेळी कुणाला लुडोत चॅम्पियन व्हायचं नव्हतं. सगळ्यांना फक्त एकत्र बसायचं होतं.

४) किलवर: भिडणारा. किलवरच्या इंग्रजी नावाचा एक अर्थ सोटा. याला समोर जिवंत माणूस हवा. कॉम्प्युटरला हरवण्यात याला मजा नाही, समोरचा चिडला पाहिजे. याच्यामुळे मॅचमध्ये जान येते, आणि याच्यामुळेच भांडणंही होतात.

मग तो पोरगा नक्की कुठला पत्ता?

इथे एक सावधगिरी. माणसावर शिक्का मारायचा नाही. अमेरिकेतले संशोधक निक यी यांनी हजारो ऑनलाइन खेळाडूंना प्रश्न विचारून २००६ साली त्याचा निष्कर्ष मांडला. त्यांना तीन मोठ्या ओढी दिसल्या: काही मिळवण्याची, माणसांची, आणि त्या जगात रमून जाण्याची. आणि मुख्य मुद्दा असा की एक ओढ असली म्हणजे दुसरी नाही, असं होत नाही. एकाच माणसाच्या हातात चारही रंगांचे पत्ते असतात. कुठल्या रंगाचे जास्त, एवढाच फरक.

वयाचाही त्यात हात असतो. मिळवण्याची, पुढे जाण्याची ओढ तरुण खेळाडूंमध्ये जास्त आणि वय वाढेल तशी कमी, असं यी यांना दिसलं. म्हणजे सोळा वर्षांचा मुलगा आणि त्याचा तीस वर्षांचा मामा एकच गेम खेळत असले, तरी मामाला रँकपेक्षा गप्पा जास्त प्रिय असू शकतात.

चौघांचं एकमेकांत जमतं का?

दुकानदाराच्या कामाचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच. बार्टल चार प्रकार सांगून थांबला नाही. एकाची संख्या वाढली की दुसऱ्याचं काय होतं, हेही त्याने मांडलं. किलवर वाढले की बदाम पहिले निघून जातात. गप्पा मारायला आलेल्या माणसाला रोज कोण शिव्या ऐकेल? पाठोपाठ चौकटही कंटाळतात. मग किलवरला भिडायला कुणी उरत नाही, आणि शेवटी तोही जातो. मैदान रिकामं.

आता हे तुमच्या धंद्याला लावून बघा. चहाच्या टपरीवर दोन भांडकुदळ गिऱ्हाईकं रोज बसायला लागली तर बाकीचे कुठे जातात? समोरच्या टपरीवर. तुमचा चहा बिघडलेला नसतो, तुमच्याकडची बैठक बिघडलेली असते.

आणि दुसरी गोष्ट: आपण स्वतः जो पत्ता असतो, त्याच्यासाठीच आपण सगळं मांडतो. मालक स्वतः चौकट असेल तर तो फक्त पहिलं बक्षीस मोठं ठेवतो. मग वीस टीममधल्या अठरा टीमना पहिल्या तासातच कळतं की आपल्यासाठी इथे काही नाही. पुढच्या वेळी त्या येत नाहीत.

जोकर: पैसा

बार्टलच्या चार पत्त्यांत पैसा नाही. पण आपल्या टूर्नामेंटमध्ये मात्र पहिल्यांदा पैसाच येतो. रमीत जोकर कुठल्याही पत्त्याच्या जागी लागतो, तसा पैसा सगळ्या कारणांच्या जागी लावता येतो. गर्दी हवी? रोख बक्षीस. चुरस हवी? रोख बक्षीस. पण जोकर लावून डाव लागला, तरी हातात खरा पत्ता आलेला नसतो.

१९७१ साली अमेरिकेत एडवर्ड डेसी यांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना तुकडे जुळवायचं कोडं दिलं. हे कोडं इतकं मजेदार होतं की मुलं मोकळ्या वेळातही ते घेऊन बसायची. मग काहींना ते सोडवायचे पैसे दिले, आणि नंतर पैसे बंद केले. पैसे बंद झाल्यावर या मुलांचा मोकळ्या वेळात कोड्यातला रस कमी झालेला दिसला. जे आवडीने चाललं होतं ते मजुरी झालं, आणि मजुरी बंद झाल्यावर हात थांबले.

म्हणून सांगतो, पैशाने आलेलं गिऱ्हाईक पैसे थांबले की जातं. शेजारच्या गावात ५०० रुपये जास्त मिळाले की तुमच्याकडची टीम तिकडे. हे सेलच्या डिस्काउंटलाही लागू आहे, बरं का.

आता कायद्याचं नीट ऐका

हा भाग वाचल्याशिवाय पोस्टर छापायला टाकू नका.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगबद्दल नवीन कायदा मंजूर केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. त्यात खेळांचे तीन गट आहेत: ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि मनी गेम. पैसे भरायचे आणि त्याच्या बदल्यात पैसे जिंकायची आशा धरायची, असा ऑनलाइन खेळ म्हणजे मनी गेम. तो चालवायला बंदी आहे. "साहेब, हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे," ही जुनी पळवाट या कायद्याने बंद केली आहे.

शिक्षा किती? मनी गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याची जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रोख खेळाची मोठमोठी अॅप ऑगस्ट २०२५ मध्येच आपले पैशांचे डाव बंद करून बसली, यावरून काय ते समजा.

ई-स्पोर्ट्समध्ये प्रवेश शुल्क आणि बक्षीस चालतं. पण त्यासाठी तो खेळ सरकारच्या चौकटीत मान्यता मिळालेला आणि नोंदवलेला असावा लागतो, आणि शुल्क फक्त प्रवेशासाठी किंवा स्पर्धेच्या खर्चासाठी घ्यायचं. "सगळ्यांकडून ५० गोळा करू आणि त्यातूनच जिंकणाऱ्याला देऊ" हा हिशोब यात बसत नाही. तो मनी गेमच्या व्याख्येत अडकू शकतो. एका संध्याकाळच्या गर्दीसाठी दुकान पणाला लावायचं का?

माझा सल्ला सरळ आहे: खेळाडूकडून एक रुपयाही घेऊ नका. बक्षीस तुमच्या खिशातून किंवा प्रायोजकाकडून द्या, तेही वस्तूंच्या रूपात. ज्या कंपनीचा गेम आहे तिचे स्पर्धा भरवण्याचे नियम वाचा. आणि आधी एखाद्या वकिलाशी दहा मिनिटं बोलून घ्या.

चारही पत्त्यांसाठी टूर्नामेंट कशी मांडायची

समजा खापरच्या मेन रोडवर तुमचं मोबाईलचं दुकान आहे. १६ टीम, प्रत्येकी चार जण, म्हणजे ६४ पोरं. एका रूममध्ये आरामात बसतात. आता एकेक पत्ता घेऊ.

चौकटसाठी: दुकानाबाहेर एक फळा लावा. प्रत्येक मॅचनंतर सगळ्या १६ टीमचे गुण त्यावर लिहा. फक्त पहिला नंबर ठेवू नका. सगळ्यात जास्त वेळ टिकलेली टीम, पहिल्या मॅचपेक्षा सगळ्यात जास्त सुधारलेली टीम, यांनाही नावानिशी प्रमाणपत्र द्या. खर्च एका कलर प्रिंटचा, पण पोरगा ते स्टेटसला लावतो आणि त्यावर तुमच्या दुकानाचं नाव असतं.

इस्पिकसाठी: याला काम द्या. रूम बनवणं, वायफाय बघणं, कुणाचा फोन अडकतोय त्याची सेटिंग नीट करणं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याला अर्धा तास इतरांना शिकवायला सांगा. एक फायदा आणखी आहे: उद्या रिपेअरिंगला मुलगा ठेवायचा असेल तर तो इथेच सापडेल.

बदामसाठी: बसायची सोय, चहा, आणि आपल्या बोलीत कॉमेंटरी. अहिराणीत किंवा भिलीत कुणी माईकवर बोलायला लागला की जे खेळत नाहीत तेही थांबतात. गावाच्या किंवा पाड्याच्या नावाने टीम करा. बाहेरगावी कामाला गेलेल्या मित्राला तिथूनच खेळायची मुभा द्या. त्याच्या नावाने ओट्यावर टाळ्या पडू द्या.

किलवरसाठी: भिडायची हौस भागवा, पण रिंगणात. शेवटी एकास एक सामना ठेवा. नियम सुरुवातीलाच मोठ्याने वाचा: शिवी, जातीवरून किंवा गावावरून टोमणा आला की टीम बाद, कितीही गुण असले तरी. हा नियम पहिल्यांदा मोडेल तेव्हा तुम्ही काय करता, यावर पुढची टूर्नामेंट ठरते.

आणि दोन गोष्टी सगळ्यांसाठी. १८ वर्षांखालच्या मुलाला पालकांची परवानगी असल्याशिवाय घेऊ नका, आणि संध्याकाळी जेवणाच्या वेळेआधी सगळं संपवा. लक्षात ठेवा, रिचार्ज आणि टीव्हीचे पैसे त्या मुलाचे आईवडील देतात. पोरगा खूश आणि आई नाराज, म्हणजे अर्धं गिऱ्हाईक गेलं.

यातून नफा किती? त्या दिवशी बहुतेक शून्य. पण ६४ पोरांना तुमचं दुकान कुठे आहे ते कळलं. पुढच्या महिन्यात टेम्पर्ड ग्लास, चार्जर, इअरफोन घ्यायला ती कुठे जातात ते वहीत लिहून ठेवा. टूर्नामेंटचा हिशोब त्या वहीत मांडायचा, बक्षिसाच्या दिवशी नाही.

पालक म्हणून वाचत असाल तर

आपल्यापैकी बरेच जण दुकानदारही आहेत आणि आईबापही. फोन हिसकावण्याआधी पोराला एक प्रश्न विचारा: "तुला त्यात काय आवडतं रे?" आणि मध्ये न बोलता ऐका.

"रँक" म्हणाला, तर शाळेत किंवा घरी त्याला शेवटचं शाबास कधी मिळालं ते आठवा. "मित्र" म्हणाला, तर फोन काढून घेणं म्हणजे त्याचा कट्टा काढून घेणं आहे, आधी दुसरा कट्टा द्या. "नवीन काहीतरी कळतं" म्हणाला, तर त्याला जुना फोन उघडायला द्या. "हरवायला मजा येते" म्हणाला, तर कबड्डीचं मैदान दाखवा. आणि उत्तर "पैसे" असेल, तर मात्र त्याच दिवशी खातं तपासा.

एक मर्यादा मात्र ओळखा. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलंय, आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच्या खुणा तीन: खेळणं हाताबाहेर जातं, बाकी सगळ्या गोष्टी त्याच्यापुढे मागे पडतात, आणि नुकसान होत असूनही थांबता येत नाही. हे साधारण वर्षभर चाललेलं असेल तर डॉक्टर तो आजार मानतात. पण तुम्ही वर्षभर वाट बघू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे मोफत बोलता येतं.

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या आणि तुमच्या नेहमीच्या दहा गिऱ्हाइकांची नावं लिहा. प्रत्येकापुढे एक पत्ता लिहा. कोण भाव कमी करून घेतला की खूश होतो? तो चौकट. कोण प्रत्येक नवीन वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करून बघतो? तो इस्पिक. कोण काही न घेताही दहा मिनिटं बोलून जातो? तो बदाम. कोण "समोरच्या दुकानात स्वस्त मिळतं" म्हणून रोज खेटतो? तो किलवर.

आता स्वतःचा पत्ता लिहा, आणि दुकानाकडे एकदा नीट बघा. मांडणी, बोलणं, ऑफर, सगळं तुमच्याच पत्त्याच्या लोकांसाठी केलेलं आहे का? ज्या रंगाची गिऱ्हाइकं वहीत सगळ्यात कमी आहेत, त्यांच्यासाठी या आठवड्यात फक्त एक गोष्ट बदला. बदामांसाठी बाहेर एक बाकडं ठेवलं तरी चालेल. महिन्याभराने वही पुन्हा उघडा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा, माणसं सांभाळा.